जी बोलते ती अनघा

अमला मेस्त्री घराबाहेर पडण्याआधी दारात क्षणभर थांबायची आणि उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटाला टेकवायची. तर्जनी, मधलं बोट, अनामिका, करंगळी. मग उलट. करंगळीपाशी जरा जास्त वेळ. डोंबिवलीशेजारच्या कोपर गावातल्या आमच्या इमारतीत मेस्त्र्यांचं घर पहिल्या मजल्यावर आणि माझं दुसऱ्या. जिना उतरताना त्यांचं दार समोरच यायचं, त्यामुळे हे मी शेकडो वेळा पाहिलं असेल. कितीतरी वर्षं मला वाटायचं, पोरगी कसला तरी जप करते, नाहीतर दप्तरात काय काय घेतलं ते आठवते. ती बारावीत असताना एकदा मी सहज विचारलं.

"काही नाही बाई," ती म्हणाली. "चालू आहेत ना, बघते."

एवढं बोलून ती चपला घालून खाली गेली. मी मात्र कठड्याला धरून तिथेच उभी राहिले. आठ वर्षं ही मुलगी रोज सकाळी असं बघत होती आणि एकाच छपराखाली राहून ते मला कळलं नव्हतं. मी तिची शिक्षिका. मला तर सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, कारण जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या वर्गात सुरू झालं होतं.

अमला आणि अनघा जुळ्या. नुसत्या सारख्या नाहीत, एकीचा फोटो दुसरीच्या ओळखपत्रावर खपावा इतक्या सारख्या. मी तेव्हा डोंबिवलीच्या पश्चिमेला एका मराठी शाळेत चौथीला शिकवत होते आणि त्या वर्षी दोघी माझ्या वर्गात आल्या. त्यांची आई सुनंदा घरी ब्लाउज शिवायची. वडील एमआयडीसीत एका कारखान्यात लेथ मशीनवर होते, मूळचे कणकवलीकडचे, फारसे न बोलणारे. आमचा गोंधळ होऊ नये म्हणून सुनंदा एकीला लाल रिबीन बांधायची आणि एकीला निळी. पण मधल्या सुट्टीत त्या रिबिनी बदलायच्या आणि मग मी दिवसभर चुकीच्या नावाने हाका मारत राहायचे. एकदा मी वैतागून दोघींना टेबलाशी बोलावलं. तेव्हा त्यांतली एक मला समजावण्याच्या सुरात म्हणाली, "बाई, रिबिनीवर जाऊ नका. जी बोलते ती अनघा."

ते अगदी खरं होतं. अनघा अखंड बोलायची. प्रश्न विचारायची, इतरांच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, भागाकार चुकला की तो का चुकला याची गोष्ट सांगायची. अमला शेजारी बसून ऐकायची. तिला काही विचारलं की ती अनघाकडे बघायची आणि अनघा उत्तर द्यायची. मी म्हणायचे, अगं तिला बोलू दे. त्यावर अनघा म्हणायची, तिला हेच म्हणायचंय. आणि अमला मान डोलवायची.

त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली. शुद्धलेखन चाललं होतं. वर्गात टकटक टकटक आवाज येत होता, बारीक, पण एकसारखा. मी दोनदा म्हटलं, कोण आहे ते. आवाज थांबेना. फिरत फिरत गेले तर अनघाच्या उजव्या हातातली पेन्सिल बाकावर आपटत होती. मी म्हटलं, अनघा, पुरे आता. ती म्हणाली, बाई, मी नाही करत. तिच्या बोलण्याची मला सवय होती, मला वाटलं चेष्टा आहे. मी जरा आवाज चढवला. तिला उभं केलं, हात बाकावर ठेवायला लावला आणि सगळ्या वर्गासमोर सांगितलं की हात हलायचा थांबेपर्यंत बसायचं नाही.

पेन्सिल खाली पडली होती, पण करंगळी हलतच होती. टक, टक, टक. अनघा स्वतःच्या बोटाकडे बघत होती. दुसऱ्या कुणाचा हात बाकावर ठेवलेला असावा तसं.

तेव्हा शेजारी बसलेली अमला उभी राहिली. वर्गात आपण होऊन बोललेली मी तिला पहिल्यांदाच ऐकत होते.

"बाई, ती करत नाहीये. ते होतंय."

पोरं हसली. मीही, मला आठवतं, थोडी हसले. मग मी अनघाचा हात हातात घेतला. माझ्या मुठीतसुद्धा ते बोट हलत राहिलं. रात्री चुकून मुठीत सापडलेल्या किड्यासारखं ते मला वाटलं आणि मी हात सोडून दिला. या गोष्टीला पंधरा-सोळा वर्षं झाली. शाळेतून मी निवृत्त झाले, तरी त्या वर्गाची आठवण निघाली की मी सोडून दिलेला तिचा हात आठवतो.

पुढचं सगळं फार भराभर झालं, आणि फार हळूसुद्धा. करंगळीचं हलणं मनगटापर्यंत आलं, मग कोपरापर्यंत, मग चेहऱ्याची उजवी बाजू ओढली जाऊ लागली. डोंबिवलीतले डॉक्टर झाले, ठाण्यातले झाले. फिटची औषधं एकावर एक वाढत गेली. झटका थांबायचा आणि तासाभरात परत यायचा, कधी कधी दिवसदिवस थांबायचाच नाही. शेवटी मुंबईतल्या एका मोठ्या हॉस्पिटलात त्याला नाव मिळालं. लांबलचक परदेशी नाव होतं. डॉक्टरांनी मेस्त्र्यांना सोपं करून सांगितलं की शरीराचीच संरक्षण करणारी यंत्रणा मेंदूच्या एका बाजूवर उलटली आहे. अनघाच्या मेंदूची डावी बाजू, जी उजवं अंग चालवते, ती हळूहळू सुकत चालली आहे. हा आजार लाखांत एखाद्या मुलाला होतो आणि तो का होतो ते कुणालाच सांगता येत नाही.

मग डॉक्टरांना कळलं की हिला जुळी बहीण आहे.

त्या दिवशी मी अमलाला घेऊन हॉस्पिटलात गेले होते, कारण सुनंदा अनघाजवळच असायची आणि वडिलांना रोज रजा मिळत नव्हती. अमलाला बघून तिथल्या तरुण डॉक्टरांचे चेहरे एकदम बदलले. वाईट काही नाही, पण एखादं अवघड गणित सोडवणाऱ्याला जुळणारी दुसरी आकृती सापडावी तसं झालं त्यांना. एकच रक्त, एकच घर, एकच पाणी, गोवरसुद्धा दोघींना एकाच आठवड्यात आलेला. मग एकीलाच का? त्यांनी अमलाचं रक्त घेतलं, मोठ्या मशीनमध्ये घालून तिच्या मेंदूचे फोटो काढले. सगळं रीतसर, तिच्या आईवडिलांना विचारून. संध्याकाळी मेस्त्री कामावरून तिथे आल्यावर एका डॉक्टरांनी काचेच्या दिव्यावर दोघींच्या फिल्मा शेजारी शेजारी लावल्या आणि मला आणि मेस्त्र्यांना दाखवल्या. एका फिल्ममध्ये दोन्ही बाजू अक्रोडासारख्या भरलेल्या. दुसरीत एक बाजू भरलेली आणि एक आक्रसलेली, मधे काळी जागा.

अमला आमच्या मागे उभी होती. तिला बाहेर बसवायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.   घरी आल्यावर ती आरशासमोर बराच वेळ उभी राहिली आणि आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने स्वतःचं डोकं दाबून बघत होती, हे मला सुनंदाच्या शेजारणीने सांगितलं.

त्याच सुमारास गावाहून मेस्त्र्यांची बहीण आली. मुलींची आत्या. बाई मनाने वाईट नव्हती, महिनाभर तिनेच घर सांभाळलं. पण मनात येईल ते बोलायची. भाकरी थापता थापता ती कुणाला तरी म्हणाली की दोघी एका पोटात, म्हणजे एकीने दुसरीच्या वाटचं ओढून घेतलं असणार. अमला तिथेच पाटावर जेवत होती.

काही दिवसांनी शाळेत माझ्या लक्षात आलं की अमलाच्या डब्यातली पोळी निम्मीच संपते. बरोबर निम्मी. भाजीसुद्धा मधोमध रेघ मारल्यासारखी. उरलेलं ती खिडकीच्या कट्ट्यावर कावळ्यांना ठेवायची. मी विचारलं तर म्हणाली, पोट भरलं. तिचे गाल बसले होते, फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. मी सुनंदाला सांगितलं आणि सुनंदाने त्यामागचं आत्याचं बोलणं कसं तरी शोधून काढलं. त्या दिवशी सुनंदा हॉस्पिटलातून घरी आली, नणंदेला एक शब्द बोलली नाही, अमलाला मांडीवर घेऊन बसली आणि नऊ वर्षांच्या घोड्याएवढ्या मुलीला तिने सगळं ताट भरवलं. अमला जेवली. पण पुढे मोठी झाल्यावरही ती ताटात शेवटचा घास ठेवायचीच. कुणी म्हटलं, संपव ना गं, की हसून ताट उचलायची.

मार्च-एप्रिलात वार्षिक परीक्षा आली. अनघा हॉस्पिटलात होती, तिच्या परीक्षेचा प्रश्नच नव्हता. मराठीच्या पेपरला अमलाने दीड तासात उत्तरपत्रिका संपवली, माझ्याकडे आली आणि आणखी एक उत्तरपत्रिका मागितली. पुरवणी नाही, नवी. मला वाटलं, पहिली खराब झाली असेल. मी दिली. घंटा झाली तेव्हा तिने दोन उत्तरपत्रिका माझ्या टेबलावर ठेवल्या. दुसरीवर नाव होतं, अनघा विनायक मेस्त्री.

घरी तपासायला बसले तेव्हा मी ती दुसरी उघडली. अक्षर अनघाचं होतं. ती जशी घाईत तिरकं लिहायची, तसंच. 'आशीर्वाद'मधला 'शी' तिच्यासारखाच ऱ्हस्व लिहिलेला. निबंधाला विषय होता माझा आवडता सण. अमलाच्या उत्तरपत्रिकेत दहा नीटस ओळी होत्या. अनघाच्या उत्तरपत्रिकेत दोन पानं, विषय सोडून कुठे कुठे भरकटलेली, गणपतीत गावी जाताना बसमध्ये कोण कोण ओकलं त्यासकट. मी वर्षभर अनघाला ज्या ज्या चुकांसाठी गुण कापले होते, त्या सगळ्या चुका तिथे होत्या, एक न सोडता. शेजारी गप्प बसून अमला वर्षभर ऐकत होती ते हे सगळं.

मी दोन्ही उत्तरपत्रिका तपासल्या. शुद्धलेखनाचे गुण दोन्हीकडे नियमाप्रमाणे कापले. निकालपत्रकात मी तो पेपर धरला नाही, तसं करता येत नव्हतं. पण गुण घातलेली ती उत्तरपत्रिका मी अमलाला परत दिली. तिने ती दप्तरात ठेवली आणि विचारलं की कुणाला जास्त पडले. मी सांगितलं, अनघाला दोन कमी. तिचं समाधान झाल्यासारखं दिसलं.

उन्हाळ्यात ऑपरेशनचा विषय निघाला. ज्या दिवशी डॉक्टरांनी तो मांडला त्या दिवशी मी तिथे होते. सुनंदा माझा हात घट्ट धरून बसली होती. डॉक्टर म्हणाले की डावी बाजू आता वाचणार नाही आणि तिच्यातून उठणारे झटके उजव्या, चांगल्या बाजूचंही नुकसान करतायत. त्यामुळे डावी बाजू उजवीपासून आणि शरीरापासून तोडायची. बाहेर काढायची नाही, आतच राहील, पण तिचा कशाशी संबंध उरणार नाही. झटके बहुतेक थांबतील. उजवा हात बारीक कामाचा राहणार नाही, उजवीकडचं दोन्ही डोळ्यांना दिसणार नाही. आणि बोलणं त्याच बाजूला असतं. वय लहान आहे, दुसरी बाजू ते काम थोडंफार शिकते. किती शिकेल ते आज सांगता येणार नाही.

"ती मला आई म्हणेल ना?" सुनंदाने विचारलं.

डॉक्टर म्हणाले, लगेच नाही.

मेस्त्री आयुष्यभर लेथवर केसाएवढ्या फरकाचं काम करत आलेले. संमतीच्या कागदावर सही करताना त्यांचं पेन तीनदा कागदाबाहेर गेलं.

ऑपरेशनच्या सकाळी अनघाचे केस काढले. तोपर्यंत तिचं बोलणं तुटक झालं होतं, पण होतं. डोक्यावरून हात फिरवून ती अमलाला म्हणाली, "गार लागतंय." पूर्वीच्या अनघाच्या तोंडून ऐकलेलं ते शेवटचं सबंध वाक्य. त्याला काही खास अर्थ नाही. पण ते शेवटचं होतं हे मागाहून कळल्यामुळे त्या घरात ते कुणी उच्चारत नसे, ऐन जानेवारीतसुद्धा नाही.

अमलाने तेव्हा हट्ट धरला की माझेही केस काढा. तिने आयुष्यात धरलेला बहुधा तो एकच हट्ट. नर्सही कौतुकाने तयार झाली होती. सुनंदाने मात्र अमलाची वेणी मुठीत धरली आणि म्हणाली, "नको गं. एक तरी तशीच दिसू दे मला."

तिच्या मनात काही वावगं नव्हतं. कुठल्याही आईच्या तोंडून त्या वेळी तेच आलं असतं. पण मला वाटतं, त्या क्षणापासून अमलाला एक काम लागलं. अनघा कशी दिसली असती ते दिसत राहायचं. पुढे अमलाची उंची वाढली की सुनंदा डोळ्यांत पाणी आणून बघायची. अमला सायकल शिकली, दहावी झाली, पहिल्यांदा साडी नेसली, प्रत्येक वेळी घरच्यांची नजर तिच्यावर यायची आणि तिच्यावर न थांबता पलीकडे जायची. सुनंदा दोघींचे कपडे शिवायची. माप एकदाच घ्यायची, अमलाचं. दोन कुडते सारखे बेतायची आणि मग एकाची उजवी बाही थोडी कमी करायची, कारण अनघाचा उजवा हात मागे राहिला होता. दर वर्षी ती किती कमी करावी लागते हे फक्त सुनंदाला माहीत असायचं.

ऑपरेशन चांगलं झालं. झटके थांबले, ते कायमचे. अनघा चालायला लागली, पाय ओढत का होईना. डाव्या हाताने जेवायला, चित्रं काढायला शिकली. हसू तिचं पूर्वीचंच राहिलं. फक्त ती बोलत नव्हती. सगळं घर आई या शब्दाची वाट बघत होतं.

चार महिने झाले असतील. मी सहज खाली त्यांच्याकडे गेलेले. अमला शाळेतून आली, दप्तर टाकून आत आली. खाटेवर बसलेल्या अनघाचा चेहरा उजळला. तिने डावा हात वर केला, अमलाकडे बोट दाखवलं आणि स्वच्छ म्हणाली, "मी."

आम्हाला वाटलं, काहीतरी सांगायचंय. सुनंदा जवळ बसून पुन्हा पुन्हा विचारत राहिली, तू काय, तुला काय हवं. अनघा मान हलवायची, अमलाकडे बोट करायची. मी. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी नंतर समजावलं की असं होतं, शब्द परत येतात ते वाटेल त्या ठिकाणी येऊन बसतात, हळूहळू सरकतील. आई हा शब्द वर्षाने आला. पाणी, नको, बस, घर असे पाचपन्नास शब्द आले आणि आपापल्या जागी बसले. हा एक मात्र सरकला नाही. अमला बाहेर गेली की अनघा म्हणायची, मी गेली. जिन्यात पाऊल वाजलं की, मी आली.

इमारतीतल्या लोकांना त्याचं कौतुक वाटायचं. अमलाला काय वाटत होतं हे तिने मला फार नंतर सांगितलं. "ती पहिल्यांदा म्हणाली ना बाई, तेव्हा मला भीती वाटली. वाटलं, तिथे ती आहे आणि ती म्हणते इथे पण तीच आहे. मग मी कुठे गेले?"

अनघाला उजवीकडचं दिसत नसल्यामुळे रस्त्यात कुणीतरी तिच्या उजव्या अंगाला चालणं भाग होतं. अमला चालायची. म्हणजे दोघी फिरायला निघाल्या की अमला बरोबर त्या बाजूला, जिथे ती बहिणीला दिसू शकत नाही. दर दहा-वीस पावलांनी अनघा विचारायची, "मी?" आणि अमला म्हणायची, "इथेच आहे." स्टेशनपासून घरापर्यंत मी त्यांच्या मागून चालत आले आहे, एकदा नाही, पुष्कळदा. मी? इथेच आहे. मी? इथेच आहे. माझ्या निवृत्तीनंतरच्या रिकाम्या दुपारींमध्येही मला तो आवाज मधूनच ऐकू यायचा आणि मी गॅलरीत जाऊन खाली बघायचे.

एव्हाना घरात जी बोलायची ती अमला होती. डॉक्टरांशी, रिक्षावाल्यांशी, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यातल्या खिडक्यांशी. ती चांगलं बोलायची. पण तिच्या बोलण्यात मी कान देऊन ऐकलं की मला कुणाची तरी लकब सापडायची, एखादं भरकटणं, मधेच विषय सोडून सांगितलेली गंमत. ती निघून गेल्यावर मी विचार करत बसायचे की ही तिची स्वतःची, की तिने राखून ठेवलेली.

बारावीनंतर मेस्त्र्यांनी कोपरचं घर सोडलं. अनघाला जिना झेपत नव्हता. ठाण्याला वर्तकनगरात एका वसाहतीत त्यांना तळमजल्यावर जागा मिळाली आणि व्यायामाचं, शिकवण्याचं केंद्रही तिथून जवळ होतं. मी सणासुदीला जायचे. अमलाने प्रयोगशाळेतल्या कामाचा कोर्स केला आणि ठाण्यातच एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायला लागली. थोड्याच दिवसांत म्हातारी माणसं, लहान मुलांच्या आया तिलाच मागू लागल्या. सुई कधी गेली कळतच नाही म्हणायचे. तिचा हात दगडासारखा स्थिर होता. मी एकदा तिला म्हटलं की हे काम तुला बरं सापडलं. ती म्हणाली की यात फायदा असा की दिवसातून चाळीस वेळा खात्री होते.

लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. मुलगा कल्याणचा, शांत, शिकलेला, अमलालाही आवडलेला. त्याच्या आईने साहजिकच विचारलं की दुसरीला झालं ते हिला, उद्या हिच्या मुलांना होणार नाही ना. अमलाने स्वतःच सांगितलं की डॉक्टरांच्या मते हा आजार आनुवंशिक नाही, पण पक्कं कुणीच लिहून देत नाही, मीही देणार नाही. त्यांनी तेही मान्य केलं. मग निघताना त्या मुलाने तिला धीर द्यावा म्हणून सांगितलं की लग्नानंतर तुम्हाला हे सगळं बघावं लागणार नाही. तिने दुसऱ्या दिवशी नकार कळवला. सुनंदा चिडली, रडली. मला मध्यस्थीला बोलावलं. मी अमलाला म्हटलं, अगं, तो चांगल्या मनाने म्हणाला. ती म्हणाली, "मला माहितेय बाई. पण त्याला वाटतं मी इथून निघू शकते."

गेल्या वर्षी तिचा मला फोन आला. अनघाच्या डॉक्टरांनी तिला विचारलं होतं की विठ्ठलवाडीला एक कुटुंब आहे, सहा वर्षांच्या मुलाला तोच आजार निघालाय, ऑपरेशनचं ठरत नाहीये, एकदा जाऊन बोलशील का. तिला एकटीने जायचं नव्हतं. आम्ही दोघी कल्याणला भेटलो आणि रिक्षाने गेलो. रविवारची सकाळ होती. घर लहान, स्वच्छ, आणि आजारी मूल असलेल्या घराचा तो वास, औषधाचा आणि धुतलेल्या चादरींचा. मुलगा गादीवर झोपला होता. झोपेतही त्याच्या गालाचा एक कोपरा ओढला जात होता. आईवडील प्रश्न विचारत होते आणि अमला एकेकाचं खरं उत्तर देत होती. बोलेल का? थोडं. चालेल? हो. झटके? थांबले, चौदा-पंधरा वर्षांत एकही नाही. ओळखते का सगळ्यांना? या प्रश्नाला ती माझ्याकडे बघून म्हणाली, हो, ओळखते.

मग तिने विचारलं की घरात आणखी कोण असतं. मुलाच्या आईने मानेनेच दाखवलं. गॅलरीत नऊ-दहा वर्षांची मुलगी वह्या पसरून बसली होती. मोठी मुलगी, त्या म्हणाल्या, ती शहाणी आहे, तिचा काही त्रास नाही.

अमला उठली आणि गॅलरीत जाऊन त्या मुलीशेजारी फरशीवर बसली. आत आईवडिलांना वाटलं, पोरीचं कौतुक करायला गेली असेल. ते माझ्याशी बोलू लागले. पण मी दाराजवळच्या खुर्चीवर होते आणि मला ऐकू येत होतं.  अमलाने तिची वही चाळली. मुलीने ती परत घेतली. मग वहीत बघतच त्या मुलीने हळूच विचारलं,

"मला पण होणार का?"

आत तिची आई मला चहा देत होती. तिने ते ऐकलं नाही. कप माझ्या हातात तसाच राहिला. मला वाटलं, आता अमला म्हणेल, छे गं, वेडी आहेस का. कुणीही तेच म्हणालं असतं. मीसुद्धा.

 खाली रस्त्यावर बघत अमला म्हणाली, "माहीत नाही. मला अजून झालेलं नाही."

त्या मुलीने मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच. मग आपल्या वह्या आवरून घेतल्या आणि अमलाला टेकायला भिंतीशी जागा करून दिली.

मला दुपारपर्यंत डोंबिवलीला पोचायचं होतं. मी निघते म्हणून खूण केली. अमलाने हात हलवला आणि बोटांनीच दाखवलं की तुम्ही व्हा पुढे. खाली आल्यावर मी वर पाहिलं. गॅलरीच्या गजांतून दोघींची डोकी दिसत होती, एकमेकींना लागून, आणि दोघींपैकी कुणीच बोलत नव्हतं.